लुगडं नेसलेला हापसा

मी एक हापसा आहे. लोखंडाचा, ताठ उभा, चाळिशी ओलांडलेला बाप्या माणूस. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं माझ्या अंगावर हिरवं लुगडं येणार आहे आणि तुमचा घोटाळा व्हायचा.

दुसरं सांगायचं ते हे, की मी थापा मारतो. हापशाला करमणूक ती काय? पाणी भरणाऱ्या बायका दिवसभर बोलतात, त्यांचं बोलणं माझ्या पोटात साठतं, तिथं मुरतं, फुगतं आणि बाहेर येताना जरा मोठं होऊन येतं. आमच्या जळगावचं ऊन घ्या. एका वैशाखात वांग्यांचं झाडावरच भरीत झालं होतं. शेतकरी फक्त मीठ-मिरची आणि कळण्याच्या भाकरी घेऊन रानात गेला. एक कावळा भरदुपारी माझ्या दांड्यावर बसला, तो उडताना पाय इथंच ठेवून गेला. अजून कधी कधी मागायला येतो.

यातलं खरं-खोटं तुम्ही निवडून घ्या. पण दिपमालाचं नाव आलं की निवडणं थांबवा. तिथलं सगळं जसं घडलं तसंच आहे.

जळगावहून धुळ्याकडं जाणाऱ्या रस्त्याला, एरंडोलच्या बरंच अलीकडं, तेव्हा एक भट्टी होती. जुन्या बॅटऱ्या ट्रकनं यायच्या. माणसं त्या हातोड्यांनी फोडायची, आतलं तेजाब जमिनीवर ओतायची आणि शिसं काढून गाळायची. त्या माणसांना प्यायला पाणी हवं म्हणून बोअर मारली आणि मला उभं केलं. वरून दिसतो तेवढा मी नाही. माझे पाय दीडशे फूट खाली आहेत. वरच्यांना जे दिसत नाही, ते मला पायांनी कळतं.

धूर असा, की शेजारच्या लिंबाची पानं श्रावणात गळायची. तिथले उंदीर इतके जड झाले होते की मांजर त्यांना पकडायची, पण उचलता यायचे नाहीत. जागेवर बसून जेवायची बिचारी. हसलात? माणसांचं मात्र तसं नव्हतं. पोटात पीळ पडला की ती माझ्या ओट्यावर वाकून बसायची. एकेकाचं मनगट असं लुळं पडायचं, की माझा दांडा दोघांनी मिळून मारावा लागायचा. तहान लागली की मग माझंच पाणी प्यायची. तेव्हा मला वाटायचं, आपण पुण्य करतोय.

एक दिवस भट्टी बंद पडली. का पडली ते मला कोणी सांगितलं नाही. मालक गेला, पत्रे गेले, राहिली ती राख आणि फुटक्या बॅटऱ्यांची टरफलं. मग जेसीबी आला. त्यानं खड्डे खणले, सगळा कचरा आत लोटला, वरून वीतभर मुरूम पसरला. मुरमावर पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारल्या आणि रस्त्यावर पाटी लागली, ‘अमृतबन कॉलनी’. माझ्या पायांना तेव्हाच गुदगुल्या झाल्या. चांगल्या नव्हे.

प्लॉट विकायला रतिलालशेठ म्हणून एक गृहस्थ यायचे. पांढरा शर्ट, पानाचा तोबरा. एक गिऱ्हाईक त्यांना म्हणालं, “शेठ, इथं आधी काय होतं?”

शेठनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. “भट्टी होती.”

“विटांची असेल.”

“भट्टी म्हणजे भट्टी, भाऊ. आता काय, जमीन भाजून पक्की झालेली. घराला तडा जाणार नाही.”

झालं. खान्देशात गावोगाव वीटभट्ट्या. कोणाच्या डोक्यात दुसरी भट्टी येईल? शेठ एक अक्षर खोटं बोलले नाहीत. विटा गिऱ्हाइकांनीच आपल्या पदरच्या घातल्या. थापांच्या धंद्यातला माणूस म्हणून मी त्या दिवशी शेठना मनातल्या मनात नमस्कार केला.

माझ्या अगदी पाठीशी बेबाबाईनं घर बांधलं. ती पारोळ्याकडच्या खेड्यातली, विधवा, हाडापेरानं मजबूत, आवाज असा की तिनं इथं शिंकावं आणि भुसावळला गाडी थांबावी. (ही थाप. गाडी फक्त हळू व्हायची.) मुलगा कुंदन दाळमिलमध्ये कामाला. कॉलनीत नळ आले होते, पण ते कधीमधी यायचे, आणि बेबाबाईला नळाचं पाणी मुळात पसंतच नव्हतं.

“नळनं पानी मरेल शे,” ती म्हणायची. “हापसानं पानी जित्तं शे. जमीननं दूध शे ते.”

आणि कमरेत वाकून अशी दांडा मारायची की माझे कानच गरम व्हायचे. सांगतो खरं, मला ते आवडायचं. चारचौघांत कोणी आपल्याला जित्तं म्हणावं, याहून लोखंडाला काय हवं?

कुंदनचं लग्न झालं आणि जामनेरहून दिपमाला आली. बारावी झालेली, हसरी. दांडा मारताना ती माझ्याशी बोलायची. “काय हो हापसेराव, आज दम लागला का?” मला ‘राव’ लावणारी ती पहिली आणि शेवटची.

तिचं पहिलं पोर चौथ्या महिन्यात गेलं. पुढच्या वर्षी दुसरं, पाचव्यात.

बेबाबाईनं सुनेला एका शब्दानं बोल लावला नाही. हे मुद्दाम सांगतो. गल्लीतल्या एकीनं तोंड वाकडं केलं, तर बेबाबाईनं भरल्या बादलीसकट तिच्याकडं पाहिलं. “सून नही, मन्ही अंडेर शे ती, पोटनी पोर. पुढं बोलशी ते बादली डोकावर व्हई.” आणि मग ती दिपमालाला आणखी जोमानं जित्तं पाणी पाजू लागली. सकाळी एक गडू, जेवताना एक, झोपताना एक. अंगात ताकद यायला.

मला खालचं सगळं कळत होतं. पावसाळ्यात वरचं पाणी त्या पुरलेल्या राखेतून झिरपायचं, माझ्या पाइपाशी यायचं आणि मी ते इमानदारीनं वर द्यायचो.

दुसरं पोर गेलं त्या उन्हाळ्यात कुठल्याशा सरकारी दफ्तराची माणसं आली, माझं पाणी बाटलीत भरून घेऊन गेली. बाटली गेली ती गेलीच. वर्षभरानं निरोप आला, की हापसा लाल रंगवा आणि त्यावर सूचना लिहा. काम मिळालं नासीर पेंटरला. तो कॉलनीतच राहायचा, बेबाबाईच्या भिंतीला भिंत. बायको जमीला. गल्लीतल्या सगळ्या पाट्या नासीरच्या हातच्या. त्याचा ‘य’ असा, की शेवटी शेपूट काढून वर एक झोकदार वळण.

नासीर आला त्या दिवशी जमीलासकट सगळी गल्ली भुसावळला एका लग्नाला गेली होती. त्यानं मला दोन हात लाल ऑइल पेंट दिला. पाठीमागं पांढऱ्या रंगात लिहिलं, ‘पाणी पिण्यास अयोग्य’. पुढं का नाही? पुढं माझं तोंड, दांडा, साखळी. सपाट जागा मागंच. काम संपवून, डबा घेऊन तो संध्याकाळच्या गाडीनं जामनेरला एका शाळेच्या रंगकामाला गेला, तो तीन आठवडे.

लग्नाची मंडळी दिवेलागणीला परतली. टेम्पोतून पहिली उतरली बेबाबाई. मी समोर. ओला, चकचकीत, लालेलाल.

“माय वं!” ती ओरडली. “हाऊ शेंदूर कोनी लायना?”

कोणालाच ठाऊक नव्हतं. गल्लीत दिवसभर कोणी नव्हतं. बेबाबाईनं बोट लावलं, बोट लाल झालं. तिचे डोळे भरून आले.

“आसरा माय शे हाई. पानीनी देवी. सोता चालीसन उनी, मन्हा दारसे. दिपमाला, मन्ही पेटीमाईन हिरवं लुगडं लई ये!”

मी काय म्हणतो, मी ओरडलो असतो. पण हापसा ओरडला तरी लोकांना वाटतं साखळीला तेल हवंय. पाच मिनिटांत मी लुगडं नेसून उभा. पदरसुद्धा डोक्यावरून. पाठीवरची अक्षरं निऱ्यांत गुंडाळली गेली.

आता तुम्ही विचाराल, सकाळी उजेडात कोणी वाचलं नाही? गल्लीत शिकलेली पोरं काय थोडी आहेत? अहो, पण देवीचं लुगडं वर करून मागं काय लिहिलंय ते बघायची कोणाची छाती आहे?

नारळ आले, हळद-कुंकू आलं. गुरुवारी आरती सुरू झाली. खोटं कशाला बोलू, पहिले काही दिवस मी फुशारलो. बाप्या असून माय झालो याचंही काही वाटेना. मग दिपमालाला पुन्हा दिवस गेले आणि बेबाबाईनं तिला माझ्यासमोर उभं केलं.

“माय,” ती हात जोडून म्हणाली, आणि तिचा तो भुसावळपर्यंत जाणारा आवाज पार खाली आला होता, “हाई पोर पदरमां घी ले. मी रोज सकाळले तुन्हं तीर्थ पाजसू तिले. पन यंदा नको नेऊ.”

दिपमालानं दोन्ही हात पोटावर ठेवले होते. त्या क्षणी माझी सगळी फुशारकी उतरली. उभी जमीन जाणत होती तीर्थ कसलं आहे, आणि मला बोलता येत नव्हतं.

मला जे करता येत होतं ते मी केलं. दुसऱ्या दिवशी पाणी द्यायचंच नाही असं ठरवलं. वायसर, म्हणजे माझ्या आतली ती चामड्याची चकती, तिची कड मी मुडपून घेतली. बेबाबाईनं दांडा मारला, नुसती हवा. पुन्हा मारला, हवा.

“माय रुसनी!” ती कळवळली. दहीभात आला, खण आला. मी हललो नाही. देवी म्हणून माझं हेच एक काम चांगलं झालं म्हणायचं.

तिसऱ्या दिवशी झुलाल मिस्तरीला बोलावलं. त्यानं चपला लांब काढल्या, माझ्यापुढं साष्टांग घातला, मग पान्हा काढला. “माय, राग नको धरू. वायसर बदलतो, दुसरीकडं हात नाही लावत.” दहा मिनिटांत नवी चकती. दांडा मारला, आणि पाणी असं आलं की बायकांनी टाळ्या वाजवल्या. बेबाबाईनं पहिला गडू भरला. दिपमाला डोळे मिटून तो प्यायली.

नासीर जामनेरहून परतला आणि गल्लीच्या तोंडाशीच थबकला. घरात गेला. जमीलाचा आवाज मला भिंतीवरून ऐकू आला, “या अल्ला, मग आता?” आणि नासीरचा, “आता काय? मी गेलो, तुमची देवी म्हणजे माझा ऑइल पेंट आहे म्हणालो, तर कोण ऐकून घेईल? म्हणतील, मुद्दाम केलं.” त्या दिवसापासून त्यांच्या घरी प्यायला जारचं पाणी येऊ लागलं.

जमीलाला काही ते गिळवेना. दिपमालाची आणि तिची भिंतीवरून रोज चेष्टा चालायची. एका दुपारी बेबाबाई झोपलेली पाहून जमीलानं हाक मारली.

“दिपा, तुझी सासू देवीला रोज आंघोळ घालते. कुंदनभाऊला कधी घालते?”

“तो दाळमिलमधून डाळीचं पीठ लावूनच येतो. फक्त तळायचा बाकी असतो.”

दोघी हसल्या. मग जमीलाचं हसू आधी थांबलं.

“दिपा, एक सांगते. मारणार नाहीस ना? तो शेंदूर नाहीये. आमच्या यांनी लावलाय. दफ्तरवाल्यांनी डबा दिला आणि सांगितलं, हापसा लाल कर, मागं लिही.”

“काय लिही?”

“तूच वाच. मी सांगितलं तर म्हणशील, जमीलानं देवीला बोल लावला. आणि माझं नाव घेऊ नकोस. ह्यांचं काम या गल्लीवर चालतं, राहायचंही इथंच आहे आम्हाला.”

दिपमाला माझ्या मागं आली. इकडं तिकडं पाहिलं. “माफ कर माय,” म्हणाली आणि निऱ्या बाजूला केल्या. मी लाजेनं मेलो, ते राहू द्या. तिनं तीन शब्द वाचले. मग परत वाचले, बोट फिरवून, लहान मुलं वाचतात तसे. आणि ओट्यावर बसली. तिनं तोंडात पदर कोंबला होता. ती आधीच्या दोघांसाठी रडत होती की आताच्यासाठी घाबरली होती, ते तिलाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी कुंदन पाय धुवायला आला तेव्हा तिनं त्याला सांगितलं. तो पाय धुवायचा थांबला. भला माणूस, पण त्याच्या अंगात भांडण नावाची गोष्टच नाही.

“आईला कळलं तर ती मोडून जाईल,” तो म्हणाला. “उगाच बोभाटा नको. तू पिऊ नको म्हणजे झालं.”

“आणि बाकीच्या बायका?”

“त्यांना त्यांचे नवरे आहेत ना.”

दिपमालानं त्याच्याकडं पाहिलं. हे पाहणं ज्यांना घरी मिळालेलं असेल, त्यांना मी काय वर्णन करून सांगू?

मग सुरू झालं ते नाटक. बेबाबाई सकाळी गडू भरायची, ओट्यावर ठेवायची, डोळे मिटून माझ्याभोवती प्रदक्षिणा घालायची. ती माझ्या पाठीमागं गेली की भिंतीवरून जमीलाचा बांगड्यांचा हात यायचा. हातात तसाच तांब्याचा गडू, आत जारचं पाणी. दिपमाला पटकन अदलाबदल करायची. बेबाबाई पुढं यायची, “पी ले बेटा, मायनं तीर्थ शे,” आणि दिपमाला जमीलाच्या माठातलं पाणी डोळे मिटून प्यायची. माझ्या पदराआड रोज ही चोरी चालायची आणि मी देवी असून चोरांच्या बाजूचा.

एकदा घात होणार होता. बेबाबाईला ठेच लागली, तिनं मध्येच डोळे उघडले. समोर भिंतीवर जमीलाचा हात, हातात गडू.

जमीलानं गडू तसाच माझ्याकडं कलता केला. मग ती म्हणाली, “अक्का, मी... देवीला पाणी घालत होते.”

बेबाबाईनं तो हात दोन्ही हातांत धरला. “देख वं दिपमाला! बठ्ठासनी, सगळ्यासनी माय शे हाई!” आणि जमीलाच्या कपाळाला अंगारा लावायला निघाली, तेव्हा जमीलाची जी धांदल उडाली!

चौथा महिना गेला. पाचवा गेला. सातव्यात दिपमाला माहेरी जामनेरला गेली, आणि तिथं तिला मुलगी झाली. धडधाकट, रडकी, काळ्याभोर जावळाची. नाव ठेवलं पुनम.

इथं गोष्ट संपायला हवी होती, नाही का? तिथंच ती बिघडली.

पोर जगलं ते कशानं? गल्लीच्या दृष्टीनं माझ्यानं. आसरा मायच्या तीर्थानं. ही बातमी एरंडोलला गेली, धरणगावला गेली, जामनेरला तर दिपमालाच्या माहेरच्यांनीच नेली. ज्यांची कूस उजवत नव्हती, ज्यांची पोरं राहत नव्हती, अशा बायका गडू घेऊन यायला लागल्या. मी देत राहिलो. दांडा मारला की द्यावंच लागतं. झुलाल मिस्तरीनं वायसर भलता चांगला टाकला होता.

सव्वा महिन्यानं दिपमाला पोर घेऊन आली आणि बेबाबाईनं नवस फेडायचा मांडव घातला. वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, सगळी गल्ली, शिवाय बाहेरगावचे. नासीरही आला होता. शेजारी नाही कसा येणार? हातात बट्टीची ताटली घेऊन मांडवाच्या कडेला उभा होता. जमीला भिंतीपलीकडं.

आरती झाली. एरंडोलची एक सून पुढं आली. विशीतली, हिरव्या बांगड्या, चौथा महिना. हिचंही एक पोर पोटातच गेलेलं. तिच्या सासूनं बेबाबाईचे पाय धरले. बेबाबाईनं गडू भरला आणि त्या पोरीच्या हातात दिला.

“पी ले बेटा. मन्ही सूनबाईले देखस ना? मांडीवर पोर शे तिन्हा.”

पोरीनं गडू ओठाला नेला.

दिपमाला उठली. मी तिला ओळखतो, तिच्या पावलावरून मला कळलं. कुंदनलाही कळलं असावं. तो बट्टीकडं पाहू लागला. तिनं पुनमला त्याच्या हातात दिलं, पुढं आली आणि त्या पोरीच्या ओठांवरून गडू काढून घेतला.

“आत्या,” ती म्हणाली, “मी तुमचं तीर्थ घेतलं नाही. दुसरा महिना होता तेव्हापासून एक दिवसही नाही. रोज बदललं. माझ्या हातानं.”

तिनं जमीलाचं नाव घेतलं नाही. मग माझ्या मागं आली आणि लुगडं ओढलं. निऱ्या सुटल्या, लुगडं खाली पडलं. दिपमालानं मोठ्यानं वाचलं, कारण बेबाबाईला वाचता येत नव्हतं.

“पाणी पिण्यास अयोग्य. हे विष आहे, आत्या. शेंदूर नव्हता तो. खालची जमीनच तशी आहे. विटांची भट्टी नव्हती इथं, बॅटऱ्यांची होती. जामनेरला डॉक्टरांना सगळं सांगितलं, त्यांनी इथली चौकशी केली, तेव्हा कळलं.”

मांडवात वाढप्याच्या हातातली पळी तशीच राहिली. बेबाबाई माझ्याकडं पाहत होती, लुगडं नसलेल्या माझ्याकडं. मला वाटलं ती ओरडेल. ती अगदी हळू बोलली.

“मंग त्या दोन?”

दिपमालानं पडलेलं लुगडं उचलून छातीशी धरलं.

“याच हातस्नी वढं ना ते पानी,” बेबाबाई आपल्या तळहातांकडं पाहत म्हणाली. “रोज वढं. एक गडू नही, तीन तीन.”

ती आणखी काही म्हणायच्या आत मागून कोणीतरी ओरडलं, “अक्षर बघा! हा ‘य’ नासीरचा आहे. किराणा दुकानावर अस्साच शेपटीचा ‘य’ आहे!” खुर्च्या सरकल्या. दुसरा म्हणाला, “देवीला अयोग्य लिहितो काय रे?” चार-पाच जण नासीरकडं निघाले. नासीरच्या हातात ताटली होती, ती ठेवायचंही त्याला सुचेना. भिंतीपलीकडं बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

“मी सांगं व्हतं त्याले लिखाले!”

हा आवाज भुसावळपर्यंत जाणारा होता. सगळे जागच्या जागी.

“तुम्ही, अक्का?” पुढचा तरुण म्हणाला.

“हा, मी. माले सपनमां सांगं मायनी. लिख, पानी पेवाना लायक नही.”

“मग लुगडं कशाला नेसवलं वरून?”

“मन्ही माय, मन्हं लुगडं. तुन्हं काय जास?”

सगळ्या मांडवाला कळत होतं की ही थाप आहे. तिला स्वतःला तर कळतच होतं. पण बेबाबाईच्या तोंडावर तिला खोटी म्हणायला कोणी पुढं आलं नाही. खुर्च्या परत सरकल्या. मी जन्मभर थापा मारल्या, वांग्यांच्या, कावळ्यांच्या, उंदरांच्या. पण आपलं काळीज फाटलेलं असताना, कोरड्या डोळ्यांनी, दुसऱ्याच्या घराला वाचवायला भर मांडवात मारलेली ती थाप! आपल्याला नाही बुवा जमली तशी कधी.

मग तिनं त्या एरंडोलच्या पोरीचा गडू गटारीत उपडा केला, झुलालला हाक मारली आणि माझा दांडा काढून घ्यायला लावला.

आता मी असा उभा आहे. दांडा नाही, साखळी नाही, रंगाचे पोपडे निघालेत. बाहेरगावच्या बायका अजून येतात. बेबाबाई ओट्यावर बसलेली असते. प्रत्येकीला ती एकच सांगते, “मन्हा हातस्नी दोन पोरं ग्यात, माय. तू घर जाय.” रोज सांगते, अनोळखी माणसाला, नव्यानं. ऐकून काही जणी परत जातात. काही जणींना पटत नाही. पाणी नाही तर नाही, म्हणतात, आणि बेबाबाईचं लक्ष चुकवून माझ्या बुडाची चिमूटभर माती पदरात बांधून नेतात. अंगारा म्हणून. अहो, तीच तर माती!

दफ्तराची माणसं पुन्हा येऊन गेली. यावेळी पिशव्यांत माती नेली. कोणी म्हणतं सगळ्यांना इथून उठवतील, कोणी म्हणतं वरून फरशी टाकली की भागेल. रतिलालशेठचा फोन लागत नाही. कुंदन म्हणतो, घर बांधून बसलो, आता कुठं जायचं? दिपमाला दिवसातून चार वेळा ओल्या फडक्यानं घर पुसते, पोरीचे हात धुते, उंबऱ्यावर आडवी फळी लावते.

पण पोरगी आता रांगायला लागली आहे. आत्ता या घडीला दिपमाला आत चुलीपाशी आहे, बेबाबाईचा बसल्या बसल्या डोळा लागलाय, आणि फळी कोणीतरी काढून ठेवली आहे. पुनम अंगणात आली आहे. माझ्यापासून दोन हातांवर बसली आहे. तिनं मूठभर माती घेतली, मूठ उघडून पाहिली, हसली. मूठ तोंडाकडं चालली आहे.

मी केव्हाचा हाका मारतोय. तुम्हाला ऐकू येत असेल, तर अहो, कोणीतरी पळा. उचला तिला.